सौंदर्याचे ऋण

घाटावर राहणाऱ्या माणसाला समुद्राची जी ओढ असते, ती किनाऱ्यावर जन्मलेल्याला कदाचित हास्यास्पद वाटत असेल. कोल्हापुरासारख्या गावी पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळ्याच्या काठी जलदर्शनाची हौस रोज भागविता येते. परंतु ज्याला पैलतीर नाही असे पाणी पाहण्याची इच्छा तेथे तृप्त होत नाही. म्हणून आंब्याच्या दिवसांत येथील सुखवस्तू कुटुंबे दाजीपूरच्या रानातून फोंड्याचा घाट उतरून अथवा गगनबावड्यावरून खाली कोकणात जातात, दोन दिवस समुद्र पाहतात, आंबे खातात आणि पेट्या घेऊन वर परततात. काही वर्षांपूर्वी आम्हीही असेच गेलो होतो. त्या प्रवासात माझ्या हातून एक अगदी क्षुल्लक गोष्ट घडली. ती इतकी क्षुल्लक होती की, तेथे हजर असलेल्या दुसऱ्या कोणाच्याही स्मरणात ती उरली नसेल. माझ्या स्मरणात मात्र ती राहिली आहे, आणि तिने उभा केलेला प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

समुद्रापर्यंत उतरत गेलेले जुने द्राक्षमळे आपण परदेशच्या चित्रांत पाहतो आणि मनातल्या मनात हेवा करतो. आपल्याकडे द्राक्षवेल समुद्राजवळ येत नाही. कोकणचा पाऊस आणि तेथील दमट हवा तिला सोसत नाही. तिला तासगावाकडील किंवा नाशिककडील कोरडे हवामान लागते, आणि तेथेही एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबरात फळछाटणी अशी वर्षातून दोनदा कात्री लावल्यावाचून ती मनाजोगी फळत नाही. तेव्हा सागराच्या सान्निध्यात पिढ्यान्पिढ्या राखलेला मळा मराठी मुलुखात पाहावयाचा झाला, तर तो हापूसच्या कलमांचाच पाहावयास हवा. आम्ही गेलो ती बाग विजयदुर्ग आणि देवगड ह्यांच्या दरम्यान एका सड्याच्या उतारावर आहे. विजयदुर्ग पन्हाळ्याच्या शिलाहार भोजाने बांधला, अशी परंपरा आहे. आणि खाली मालवणचे बंदर तर १८१२ च्या तहापर्यंत कोल्हापूरच्याच छत्रपतींकडे होते. एवढ्या आधारावर कोल्हापूरकराने ह्या किनाऱ्याला आपला म्हणावयास हरकत नसावी.

बाग खरोखरच अप्रतिम होती. जांभ्या दगडाच्या गडग्याआत एकाखाली एक उतरत गेलेली जुनी, गोल, गर्द कलमे. त्यांच्या काळोख्या सावलीत लोंबणारी फळे. आणि झाडांच्या शेवटच्या रांगेपलीकडे एकदम उघडा पडलेला, दुपारच्या उन्हात चकाकणारा समुद्र. आमच्यापैकी एकाने ‘निसर्गाची किमया’ असे उद्गार काढले, आणि आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. बागेच्या मालकांनी मात्र हसून आम्हांस गडग्यापलीकडे नेले. तेथे त्याच उतारावर, त्याच समुद्रासमोर, नुसता कातळ पसरला होता. वाळलेल्या गवताची काही ठिगळे सोडली तर त्यावर काही नव्हते. ‘आमची बाग लावण्यापूर्वी अशी होती,’ ते म्हणाले. निसर्गाने त्या ठिकाणी काय केले होते, ते आम्ही त्या वेळी पाहिले. बाकीचे सर्व माणसांनी केले होते.

ते कसे केले, हेही त्यांनी सांगितले. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडावयाचे. कातळावर माती नसते. तेव्हा खालच्या वळणावरून माती टोपल्यांत भरून डोक्यावरून वर आणावयाची आणि खड्ड्यांत घालावयाची. पावसाच्या तोंडाशी कलम लावावयाचे. पुढचे दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी घालून जगवावयाचे, आणि विहीर तर उताराच्या पायथ्याशी. म्हणजे एकेक कलम उभे राहण्यापूर्वी त्याच्यासाठी कोणी तरी किती वेळा चढ चढलेला असतो, ह्याचा हिशेब करू गेल्यास मन थकते. आता यंत्रे आली आहेत, नळ आले आहेत; परंतु जेथे उतार अवघड आहे तेथे टोपली आणि कळशी अद्याप सुटलेली नाही. मालकांना आपल्या पणजोबांविषयी सार्थ अभिमान होता. त्यांनी किती कलमे लावली, त्यांपैकी किती जगली, कोणत्या झाडाला प्रथम मोहोर आला, हे सर्व त्यांना तोंडपाठ होते. मी सहज विचारले, ‘ती माती कोणी वाहिली?’ ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘गावातलीच माणसे असतील.’ त्या उत्तरात तुच्छता मुळीच नव्हती. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते, आणि ते कोणी आपल्याला विचारील असेही त्यांना वाटले नव्हते.

आता ती क्षुल्लक गोष्ट सांगतो. बागेच्या खालच्या टोकाशी एक जागा अशी होती की, तेथून दोन वृक्षांच्या चौकटीत समुद्र पाहावयास मिळे. मला तेथे छायाचित्र घ्यावयाचे होते. मी नेम धरला, तो नेमक्या त्या चौकटीत एक बाई डोक्यावर कळशी घेऊन चढत आलेली दिसली. ती नवीन लावलेल्या कलमांना पाणी घालीत होती. अलीकडे तेथील कित्येक बागांत राखणीला व कामाला नेपाळातून आलेली कुटुंबे हंगामभर राहतात. ती त्यांपैकीच एक असावी. मी हाताने खूण केली, बाजूला व्हा, अशी. ती तत्काळ बाजूला झाली, एका झाडाच्या बुंध्याआड भरली कळशी डोक्यावर तशीच ठेवून उभी राहिली आणि माझे काम होईपर्यंत हलली नाही. जणू हे तिच्या नित्याच्या कामांपैकीच एक होते. माझ्या लहान मुलीने मालकांना विचारले, ‘काका, त्या कोण?’ ते म्हणाले, ‘ती होय? कोणी नाही. आमच्याकडे कामाला आहे.’

वाचक म्हणतील, ह्यात विशेष ते काय? छायाचित्र घेणारा मनुष्य रोज दहा जणांना बाजूला होण्यास सांगतो. त्या बाईला कोणी टाकून बोलले नाही की तिची मजुरी कोणी बुडविली नाही. हे सर्व खरे आहे. माझी चूक केवळ असभ्यपणाची असती तर ती एका शब्दाने पुसता आली असती, आणि तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. मला टोचते ते निराळे आहे. मी तेथे सौंदर्य पाहावयास गेलो होतो. ते सौंदर्य कळशी-कळशीने तयार झालेले होते, हे मला अर्ध्या तासापूर्वीच समजले होते. आणि तरीही प्रत्यक्ष कळशी घेऊन येणारे माणूस डोळ्यांपुढे आले, तेव्हा मला ते त्या सौंदर्यातील एक व्यंग वाटले. ज्याच्यामुळे दृश्य आहे, तेच दृश्यातून दूर व्हावे, असे मला वाटले. आणि ते वाटणे इतके स्वाभाविक होते की हात आपोआप वर गेला.

कलम ही वस्तूच मोठी बोधप्रद आहे. रायवळ आंब्याची कोय रुजवितात; रोप वर आले की त्यावर हापूसची काडी बसवितात. सांध्याच्या वर जे वाढते ते हापूस, सांध्याच्या खाली जे राहते ते रायवळ. कातळाच्या भेगांतून ओल शोधीत जाणारे मूळ रायवळाचे असते. फळाचे नाव मात्र वरच्या काडीचे. आणि ते नाव तरी कोणाचे? १५१० मध्ये गोवे घेणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्क ह्या पोर्तुगीज सेनापतीच्या नावावरून ते पडले, असे सांगतात. पुढे २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. म्हणजे सेनापतीचे नाव राहिले, भूमीचे नाव कायद्याने राखले गेले. खुंटाला नाव नाही. खुंट हा झाडाचा अर्धा भाग आहे, हे बागवानाला ठाऊक असते; खाणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे प्रयोजन पडत नाही.

कोकणात तर ‘झाड कोणाचे?’ हा प्रश्न केवळ तात्त्विक कधीच नव्हता. खोती पद्धतीत जमिनीवर हक्क खोताचा आणि कष्ट कुळाचे, अशी विभागणी पिढ्यान्पिढ्या चालली. तिच्याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी येथे शेतकऱ्यांनी १९३३ पासून कित्येक वर्षे संप केला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. आणि अखेर १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला. १९४८ चा कुळकायदा व पुढील दुरुस्तीने १९५७ चा १ एप्रिल हा ‘कृषक दिन’ ठरला, आणि कसणाराला जमीन मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. हा न्याय लहान नव्हे. तथापि कायद्याला जे दिसते त्याच्यापुरताच तो न्याय करू शकतो. कसणारा कायद्याला दिसला, कारण तो एकाच भूमीवर वर्षानुवर्षे उभा होता. टोपलीभर माती वाहून संध्याकाळी रोजगार घेऊन घरी गेलेली बाई कोणत्याही कागदावर उभी राहिली नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर आंब्याची झाडे लिहिलेली असतात. मातीचे वाहक तेथे लिहिण्याची सोय नाही.

हे आपल्याच देशाचे वैगुण्य आहे, असे मात्र कोणी समजू नये. ज्या समुद्राकडे आम्ही त्या दिवशी पाहत होतो, तोच ओलांडून दक्षिणेस आफ्रिकेच्या टोकापर्यंत गेले म्हणजे केपटाउनजवळ ग्रूट कॉन्स्टान्शिया हा द्राक्षमळा लागतो. त्याच्या उतारावरून फॉल्स बे हा उपसागर दिसतो, आणि समुद्राचे दर्शन घडविणाऱ्या जुन्या द्राक्षमळ्यांत त्याची ख्याती मोठी आहे. डच कंपनीचा तेथील अधिपती सिमॉन व्हान डर स्टेल ह्याला १६८५ मध्ये ती जमीन मिळाली. पुढच्या शतकात तेथील गोड मद्य युरोपच्या राजवाड्यांत पोहोचले. सेंट हेलेना बेटावर बंदिवासात असलेल्या नेपोलियनलाही ते पुरविले जात असे. हा मळा ज्यांनी खणला व राखला, ते गुलाम होते. कंपनीने त्यांना मादागास्कर, मोझांबिक, पूर्वेकडील बेटे आणि आपल्या देशातील बंगाल, मलबार व कोरोमंडल ह्या किनाऱ्यांवरून नेले होते. त्यांचे मूळ नाव पुसून जाई, आणि ‘बंगालचा’, ‘मलबारचा’ एवढीच ओळख त्यांच्या दुसऱ्या नावात उरे. विशेष हे की, स्वतः व्हान डर स्टेलची आजी, त्याच्या आईची आई, ही भारताच्या किनाऱ्यावरची दास्यातून मुक्त झालेली स्त्री होती. जो खुंट त्याच्या स्वतःच्या वंशाखाली होता, तोच त्याच्या मळ्याखालीही होता. आणि त्याला तो दिसला, असे त्याच्या मळ्याच्या इतिहासावरून वाटत नाही. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द झाल्याचा अंमल केपमध्ये १८३४ च्या १ डिसेंबरास सुरू झाला, आणि सक्तीच्या उमेदवारीची चार वर्षे भरल्यावर १८३८ मध्ये ते लोक खऱ्या अर्थाने सुटले. मळा आजही सुंदर आहे.

‘मळा आजही सुंदर आहे,’ ह्या वाक्यातच सर्व अडचण आहे. तो कुरूप झाला असता तर नीतीचे काम सोपे झाले असते. अन्यायातून उपजलेली वस्तू अन्यायासारखी दिसत नाही. द्राक्षाला गुलामाच्या घामाची चव येत नाही, आणि हापूसच्या फोडीत कळशीचे ओझे लागत नाही. मग प्रश्न असा की, अशा सौंदर्याचा उपभोग घेणारा निरपराध असतो काय?

पहिले उत्तर व्यवहाराचे आहे. मी पैसे मोजले, हिशेब मिटला, असे ते उत्तर म्हणते. कोल्हापुरात हंगामाची पहिली पेटी आली की तिचा सौदा होतो, चढती बोली लागते आणि वर्तमानपत्रांत त्याची वार्ता येते. त्या बोलीत आंब्याची किंमत ठरते, ह्यात शंका नाही. परंतु ती किंमत ह्या वर्षीच्या फळाची असते. ज्याने शंभर वर्षांपूर्वी माती वाहिली त्याच्यापर्यंत ती जात नाही, आणि जी आज पाणी घालते तिच्यापर्यंत तिचा किती अंश जातो हे विकत घेणाराला समजत नाही. त्या दिवशी निघताना मीही हा मार्ग चोखाळून पाहिला. त्या बाईच्या हातावर मी एक नोट ठेवली. तिने ती घेतली, कपाळाला लावली आणि ती पुन्हा कामाला गेली. मन हलके होईल अशी माझी कल्पना होती. ते झाले नाही. मी तिला काही दिले नव्हते. मी माझी सुटका विकत घेऊ पाहत होतो, आणि तीही स्वस्तात.

दुसरे उत्तर विरक्तीचे आहे. ज्या सुखाच्या मुळाशी दुसऱ्याचे कष्ट आहेत, ते सुखच टाकावे. हे उत्तर ऐकावयास उदात्त आहे. परंतु त्याने कोणाचे भले होते? मी आंबा सोडला म्हणून मातीची टोपली हलकी होत नाही. उलट बागेत काम न उरल्यास दूरदेशाहून आलेल्या त्या कुटुंबाला आणखी दूर जावे लागेल. शिवाय अशा त्यागात एक सूक्ष्म आत्मप्रेम लपलेले असते. माणूस स्वतःच्या निष्कलंकतेकडे पाहत बसतो, आणि ज्याच्यासाठी त्याग आरंभिला तो पुन्हा चौकटीबाहेरच राहतो.

तिसरे उत्तर रसिकाचे आहे, आणि आपल्या वाङ्मयात त्याचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद मराठीत ज्या दोन नावांशी जोडला जातो, ते दोघेही कोल्हापूरचे रहिवासी होते, ही गोष्ट कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात. राजाराम कॉलेजात अध्यापन करणारे ना. सी. फडके एका बाजूला. आणि १९२० पासून १९३८ पर्यंत समुद्राकाठच्या शिरोड्यास शिक्षकी करून मग येथे आलेले वि. स. खांडेकर दुसऱ्या बाजूला. रसिक म्हणतो की, सौंदर्याला त्याचे कुळ विचारू नये. फुलाला आपण त्याच्या खताचा हिशेब मागत नाही. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रत्येक सुंदर वस्तूपुढे चौकशी-अधिकारी होऊन उभे राहिल्यास आनंद नावाची गोष्ट जगात उरणार नाही, आणि कष्टकऱ्याच्या जगण्यातूनही ती नाहीशी होईल. परंतु रसिकाचा स्वतःचा दंडक कोणता? वस्तू पूर्णपणे पाहावी, हाच ना? मग मी त्या बाईला बाजूला केले तेव्हा पूर्णपणे पाहिले काय? माझ्यापुढे एक उतार होता. त्यावर शंभर वर्षांपूर्वी जे घडले तेच त्या क्षणी पुन्हा घडत होते, कातळाची बाग होत होती. ते दृश्य त्या ठिकाणचे सर्वांत मोठे दृश्य होते. ते वगळून मी झाडांची व पाण्याची एक गुळगुळीत आकृती घेऊन आलो. नीतीच्या दृष्टीने मी चुकलो असेन वा नसेन. रसिकतेच्या दृष्टीने तर निश्चितच चुकलो.

येथे एका धोक्याची जाणीव ठेवणे अवश्य आहे. मग तिचेच छायाचित्र घ्यावयाचे होते, असे कोणी म्हणेल. डोक्यावर कळशी, मागे समुद्र, वर आम्रवृक्ष. चित्र नामी झाले असते, आणि पाहणाऱ्यांनी त्याची स्तुतीही केली असती. परंतु तेव्हा ती माझ्या चित्रातील एक अलंकार झाली असती. बाजूला केलेले माणूस आणि शोभेसाठी उभे केलेले माणूस ह्यांत फारसे अंतर नाही. दोहोंतही त्याचे नाव विचारले जात नाही. तिची कळशी किती जड आहे, ती दिवसात किती खेपा करते, तिची मुले शाळेत जातात की बागेतच वाढतात, रात्री तिला निवारा कसला मिळतो, ह्यांपैकी एकही गोष्ट चित्रात येत नाही. त्या विचाराव्याच लागतात. आणि मी त्या विचारल्या नाहीत.

आपल्या पूर्वजांनी ह्या प्रश्नाला एक फार उपयुक्त शब्द देऊन ठेवला आहे, तो म्हणजे ऋण. मनुष्य जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणी असतो, असे वैदिक वाङ्मय सांगते. शतपथ ब्राह्मणात त्यांत चौथे, मनुष्यांचे ऋण जोडलेले आहे. ह्या कल्पनेत दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. पहिली ही की, ऋण म्हणजे अपराध नव्हे. ऋणकरी मान खाली घालून रडत बसत नाही. तो फेडावयास लागतो. दुसरी ही की, ही ऋणे धनकोला परत करावयाची नसतात. ऋषींचे ऋण अध्ययन करून फिटते, पितरांचे संतती वाढवून फिटते. जे मिळाले ते पुढे द्यावयाचे, हीच फेड. ज्याने सावली भोगली त्याने झाड लावावे, हा आपल्या खेडुतांचाही धर्म आहे, आणि त्या बागेच्या मालकांचे पणजोबा तो पाळूनच गेले. आपण लावलेल्या कलमांचा पूर्ण विस्तार त्यांनी पाहिला नसेल. तरी त्यांनी ती लावली.

परंतु केवळ एवढ्यावर थांबणे मला आता पुरेसे वाटत नाही. ‘पुढे द्यावे’ हा नियम मृतांच्या बाबतीत योग्य आहे, कारण त्यांना मागे देता येत नाही. मात्र ह्या नियमाच्या आडोशाने आपण जिवंत धनकोलाही मृतांच्या यादीत घालतो. माती वाहणारी जुनी माणसे गेली. त्यांच्याविषयी आपण एवढेच करू शकतो की, त्यांनी केलेले राखावे आणि त्याविषयी खरे बोलावे, म्हणजे बागेचा इतिहास सांगताना पणजोबांच्या नावाशेजारी ‘आणि गावातल्या ज्या माणसांनी माती वाहिली ती’ एवढे शब्द तरी असावेत. पाणी घालणारी बाई मात्र समोर उभी होती. तिचे ऋण पुढच्या पिढीला देऊन फिटणारे नव्हते. ते तिलाच द्यावयाचे होते, आणि दानाच्या नोटेने नव्हे. पुरेशी मजुरी, पायथ्याच्या विहिरीपासून वर आणलेला नळ, पावसात न गळणारे छप्पर, मुलांना शाळेची वाट, आणि ‘कोणी नाही’ ह्या शब्दांऐवजी एक नाव, ही त्या ऋणाची रोकड आहे. ह्यांतील बहुतेक गोष्टी मालकाच्या हाती आहेत, काही सरकारच्या. पाहुण्याच्या हाती एकच आहे, ती म्हणजे विचारणे. ते लहान आहे. परंतु ज्या बागेत प्रत्येक पाहुणा आंब्याच्या भावाबरोबर पाणी घालणारीचीही विचारपूस करील, त्या बागेच्या मालकाला ‘कोणी नाही’ असे उत्तर फार दिवस देता येणार नाही.

मी आंबा खाण्याचे सोडले नाही, समुद्र पाहण्याचेही नाही. पुढच्या वर्षी पेटी आली तेव्हा ती नेहमीप्रमाणे फोडली, आणि पेंढ्यातून आलेल्या त्या वासाने घर भरून गेले. आनंद कमी झाला नव्हता. मला आधी भीती वाटे की, ऋणाची जाणीव झाल्यावर आनंदाची चव जाईल. अनुभव तसा नाही. ज्याच्या घरी जेवलो त्याचे नाव ठाऊक असले म्हणजे अन्न कडू लागत नाही.

ते छायाचित्र आमच्या बैठकीच्या खोलीत लावलेले आहे. दोन झाडे, मध्ये समुद्र, माणूस एकही नाही. आलेगेले त्याची वाखाणणी करतात आणि ही जागा कोठली म्हणून विचारतात. मी जागा सांगतो. एकदा मात्र माझ्या मुलीने, ती आता बरीच मोठी झाली आहे, एका पाहुण्यांना डावीकडच्या बुंध्याकडे बोट दाखवून सांगितले, ‘ह्याच्यामागे एक बाई उभी आहे.’ पाहुण्यांनी निरखून पाहिले आणि ते म्हणाले, ‘मला तर कोणी दिसत नाही.’ ती म्हणाली, ‘दिसत नाही, कारण बाबांनी तिला बाजूला व्हायला सांगितले होते.’ मला त्यावर काही बोलता आले नाही. तिचे म्हणणे खरे होते.